सम नंबरांची आग

माझ्या मुलीच्या शाळेत शिरण्यापेक्षा विमानतळावर शिरणं सोपं. गाझियाबादमधल्या या शाळेला तीन फाटकं आहेत आणि तिन्हींवर गार्ड. पहिला मुलांना ने-आण करणाऱ्यांच्या गळ्यातलं एस्कॉर्ट कार्ड बघतो. दुसरा कार्डावरचा फोटो आणि माझं तोंड ताडून बघतो, आणि दर वेळी त्याला शंका येतेच. तिसरा पर्स उघडायला लावतो. एकदा त्याला माझ्या पर्समध्ये ऑफिसच्या डब्याबरोबरची सफरचंद कापायची सुरी सापडली, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआपच माफी मागितली. "मैडम, बच्चों का मामला है," तो म्हणाला. बिल्कुल, मी म्हटलं.

तर बाहेरचं कोणी आत येऊ नये याचा बंदोबस्त असा चोख. आतल्यांना वेळ आली तर बाहेर पडता येईल का, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. पण पालकसभेच्या दिवशी माझी दुसरीतली लेक मला हात धरून तिची जागा दाखवायला घेऊन गेली.

जागा म्हणजे शेवटचा बाक. दोघांच्या बाकावर तिघं, आणि आमचं ध्यान मधोमध. "मी टेबलच्या खालून निघते," तिने अभिमानाने सांगितलं आणि करूनही दाखवलं. वर्गात बाकांची अशी दाटी की बाईंना मागपर्यंत यायचं तर आडवं चालावं लागायचं. पुढच्या दरवाजाला पहिला बाक इतका खेटलेला, की तो अर्धाच उघडायचा. आणि लेकीच्या पाठीमागे एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या वर चौकटीची पट्टी दिसत होती.

"इथे दरवाजा आहे का गं?"

"होता," ती म्हणाली. "मग अलमारी आली ना." दिल्लीकडे जन्मलेल्या मुलीला कपाट म्हटलेलं कळतं, पण तोंडात अलमारीच येते.

वर्गाच्या बाई जवळच उभ्या होत्या. कोवळी पोर, आवाज बसलेला. ॲडमिशनं वाढत गेली तसे बाक वाढले, आणि कोपऱ्यातलं कपाट सरकत सरकत दारावर आलं, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी कपाट उघडून दाखवलं तर आत तक्ते, डिंकाच्या बाटल्या आणि लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं. कुलपात! "बच्चे खेलते हैं, मैम," त्या म्हणाल्या. मग हळूच, "आप ऊपर बोलिए ना. हम बोलते हैं तो..."

मी पुण्याची आहे. ऊपर बोलिए असं मला कोणी सांगावंच लागत नाही. त्याच संध्याकाळी मी पालकांच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. बिल्कुल सही, यार हद है, चलो मिलके बोलते हैं. प्रिन्सिपलबाईंच्या केबिनमध्ये जायचं ठरलं आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला प्रत्यक्षात आम्ही तिघं उरलो. बोलायची वेळ आली तेव्हा एका आईने आपल्या चष्मेवाल्या मुलाला पुढचा बाक मिळेल का, असं विचारलं. दुसऱ्या गृहस्थांनी त्यांच्या पुतण्याला याच वर्गात घ्याल का, असं विचारलं. "बच्चा बहुत पतला है, एडजस्ट हो जाएगा," असंही वर म्हणाले. कपाळ माझं!

राहिले मी. दरवाजा, कपाट, बाक, सगळं धडाधडा बोलले. प्रिन्सिपलबाईंच्या जिभेवर खडीसाखर. "मैम, हमारे यहाँ भीड़ नहीं है, डिमांड है," त्या म्हणाल्या आणि तिथल्या तिथे त्यांनी मला सुरक्षा समितीवर घेतलं. बिल्लाही लावला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

समितीच्या बैठकीत समोसे छान असायचे. पहिल्या बैठकीत घोषवाक्य ठरलं, दुसरीत चित्रकला स्पर्धा. मी दोन्ही वेळा कपाटाचा विषय काढला आणि दोन्ही वेळा "नोटेड, मैम" असं उत्तर आलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे हिंदीत कसं म्हणायचं ते मला शेवटपर्यंत सुचलं नाही. शेवटी ठरलं की मॉक ड्रिल करायचं. आग लागली असं समजायचं, भोंगा वाजवायचा, मुलांनी शिस्तीत मैदानात यायचं, आणि बाहेरचे पाहुणे बघायला येणार.

रंगीत तालीम झाली, तिचं वर्णन लेकीने घरी केलं. सगळे दारात अडकले, एकाचा बूट गेला, एक मुलगी खूप रडली. "मी टेबलखालीच होते," ती म्हणाली. आता तरी यांचे डोळे उघडतील, कपाट हलेल, असं मला वाटलं. भोळी कुठली!

शाळेने कपाट हलवलं नाही. तिने मुलं कमी केली. दिल्लीकरांना सवयच आहे, हवा बिघडली की गाड्या ऑड-इवन चालतात. एक दिवस सम नंबरांच्या, एक दिवस विषम. मग मुलांनी काय घोडं मारलंय? निरोप आला: ड्रिलच्या दिवशी फक्त सम रोल नंबरची मुलं येतील, विषमवाल्यांनी घरी बसून सुरक्षेवर चित्र काढावं.

माझी लेक विषम. नवरा मानेसरच्या गाड्यांच्या कारखान्यात, आठवडाभर तिकडेच खोली करून राहतो, शनिवारी उगवतो. आणि मी त्या दिवशी बिल्ला लावून पाहुण्यांशेजारी बसायची, समितीची सदस्य ना! आता सांगा, पोरीला ठेवू कुठे? फडताळात? मी सरळ तिला गणवेश घातला आणि बरोबर घेऊन गेले. एवढ्या मोठ्या शाळेत एका पोरीने काय होतंय, असं म्हटलं. तिन्ही गार्डांनी कार्ड, तोंड आणि पर्स तपासली. रोल नंबर त्यांच्या खात्यात येत नव्हता.

वर्गाशी पोचले तर काय, झाडून सगळे विषम हजर. कोणाची आई नोएडाला, कोणाचे बाबा गुरगावला, आणि प्रत्येकाने हेच म्हटलेलं की एकाने काय होतंय. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. मी लेकीला नेहमीचा मंत्र दिला, "बाई सांगतील ते ऐकायचं हं." माझ्या आईने मला दिला होता, मी हिला पहिल्या दिवसापासून देत आले. आमच्यात बाळकडूच असतं ते.

मैदानात मांडव, खुर्च्या, पाहुण्यांना गुच्छ. भोंगा वाजला. आणि काय सांगू, देखणं काम! नाकावर रुमाल, पुढच्याच्या खांद्यावर हात, झुकझुकगाडीसारखी एकामागून एक मुलं आली. ना धक्का ना बुक्की. पाहुण्यांनी मान डोलावली. प्रिन्सिपलबाईंनी माइक घेतला, "सारे बच्चे सुरक्षित हैं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवत होते.

वाजवता वाजवता माझी नजर रांगेवरून फिरली. परत फिरली. माझी कुठे आहे?

टाळी अर्ध्यावरच राहिली. मी उठले आणि धावत सुटले, पैठणीत, बिल्ल्यासकट. मागून कोणीतरी "मैम, मैम" करत होतं. आग खोटी होती, मला माहीत होतं, पण माझ्या छातीला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. व्हरांड्यात चिटपाखरू नाही. भोंगा अजून केकाटत होता. वर्गाचं दार लोटलेलं. मी ढकललं तर पहिल्या बाकाला आपटून अर्धंच उघडलं.

आत अर्धा वर्ग जागच्या जागी बसला होता. तोंडावर बोट, मान खाली. शेवटच्या बाकावर, कपाटाला टेकून, माझी लेक.

"अगं, तू इथे काय करतेस? भोंगा ऐकू येत नाही?"

तिने बोट न काढताच मला गप्प केलं. "श्श! मॅमने सांगितलंय हलायचं नाही. आम्ही ऑड आहोत, आई. आम्हाला आज आग नाहीये."

मी मटकन पहिल्या बाकावर बसले. हसू आलं, अगदी खरं सांगते, पण ते रडू होऊनच बाहेर पडलं. एकही पोर हललं नव्हतं. इतकी गुणी मुलं! खरा धूर आला असता तरी ती अशीच बसून राहिली असती.

रांग सोडून बाई माझ्यामागे धावत आल्या होत्या. "मैम, ऊपर से ऑर्डर था," त्या दारातून म्हणाल्या. माझ्या जिभेवर खास पुणेरी काहीतरी तयार होतं. पण त्यांचं लक्ष मुलांच्या ओठांवरच्या बोटांकडे गेलं. डोळे पुसून त्या आडव्या चालत मागे गेल्या आणि त्यांनी कपाटाला खांदा लावला. "मैम, आप उधर से पकड़िए."

मी पकडलं. आधी मुलांना म्हटलं, "उठो सब, दूर हो जाओ." एकजण उठेल तर शपथ. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "उठो," तेव्हा उठले. कपाट किंचाळत हललं. कडी गंजलेली, ती मी चपलेने ठोकून काढली. माझ्या पैठणीचा काठ गेला, जाऊ दे मेला. दार उघडलं, आणि विषम नंबर एका दमात मैदानात, थेट मांडवाच्या पाठीमागे.

प्रिन्सिपलबाई तशा पक्क्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पापणीही न लववता माइक घेतला आणि म्हणाल्या, "और ये है हमारा दूसरा बैच!" पुन्हा टाळ्या. दुपारी ग्रुपवर लोकांनी हात जोडले होते: सुपर्ब ड्रिल, प्राउड पेरेंट्स.

पण एक झालं. कपाट परत दारावर गेलं नाही. ते व्हरांड्यात गेलं. वर्गात त्याची जागा मोकळी झाली, म्हणून सोमवारी तिथे एक नवा बाक आला आणि त्यावर तो बारीक पुतण्या बसला. एडजस्ट झाला म्हणे.

मी मात्र मंत्र बदलला. आता रोज सकाळी फाटकाशी तिला विचारते, "भोंगा वाजला तर?"

"बाहेर."

"आणि मॅम म्हणाल्या बसा, तर?"

"तरी बाहेर." हे म्हणायला तिला अजून जड जातं. मलाही जातं. बाईंचं ऐकू नकोस असं स्वतःच्या तोंडाने पोरीला शिकवायची वेळ यावी!

परवा ती दोन पावलं गेली आणि परत आली. "पण आई, मी तर बीचमध्ये बसते. टेबलच्या खाली सगळेच घुसले आणि साइडवाला उठलाच नाही, तर मी कशी निघू?"

मी तिच्या उंचीला खाली वाकले. मागून गार्ड म्हणाला, "मैडम, आगे बढ़िए, पीछे लाइन लगी है."