दुसरीच्या आईचं वाक्य

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मस्कतमध्ये आम्ही हौशी मंडळींनी एक नवं अमेरिकन नाटक मराठीत बसवलं. तीन मुलं म्हाताऱ्या आईला वृद्धाश्रमात ठेवतात, एवढीच गोष्ट. भाषांतर माझं आणि दिग्दर्शनही माझंच. आईच्या कामाला वसईची एक बाई मिळाली. मस्कतच्याच मत्रह भागातल्या एका हॉटेलात ती रिसेप्शनला होती. ड्यूटी संपली की युनिफॉर्मवरच तालमीला यायची.

शेवटी आई मुलांना निरोप देते, ते वाक्य मराठीत काही केल्या जमेना. एकदा चहा पिताना मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "ताई, गेल्या महिन्यात भावाने आमच्या आईला आश्रमातच ठेवलं. ती त्याला म्हणाली, जाताना बाहेरून कडी लाव, नाहीतर मी तुझ्या मागे येईन."

मी ते जसंच्या तसं नाटकात घातलं. तिला विचारलं नाही. तालमीत वाचताना ती अडखळली, माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य म्हणाली. मला मात्र आनंद झाला होता.

प्रयोगाला आठ दिवस असताना तिची आई गेली. रजा मिळेपर्यंत दफन उरकलं होतं. "हे काम आता माझ्याच्याने होणार नाही," तिने फोनवर सांगितलं. आम्ही घाईघाईने दुसरी बाई उभी केली. तिला सगळं ठाऊक होतं. "ते वाक्य काढू या का?" तिने विचारलं. मी नको म्हटलं.

प्रयोगाला वसईची ती आली, मागच्या रांगेत बसली. वाक्य आलं तशी उठून बाहेर गेली. नंतर मी तिला पार्किंगमध्ये गाठलं.

"अगं, तूच सांगितलं होतंस ना..."

"तुम्हाला सांगितलं होतं, ताई. लोकांना नाही." मग म्हणाली, "सोहारला तरी ते नका घेऊ."

सोहारच्या इंजिनिअर मंडळींनी आमचा दुसरा प्रयोग ठरवला होता. मी "बघते" म्हटलं, आणि प्रयोग केला, वाक्यासकट. बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

वर्षभराने ती मत्रहच्या बाजारात दिसली, मुलीसाठी बूट घेत होती. मी कोण, असं मुलीने इंग्रजीत विचारलं.

"हॉटेलात येतात कधी कधी," ती म्हणाली.

त्या हॉटेलात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तरी मी मान डोलावली.