रंगूबाईचं न दिलेलं मत

मतदानाच्या दिवशी रंगूबाई घरीच होती. आजारी नव्हती की परगावी गेली नव्हती; ओटीवर चरख्याशी बसून भिवंडीच्या लूमसाठी सुताच्या कांड्या भरत होती. वळ गावच्या शाळेत ग्रामपंचायतीचं मतदान चाललं होतं. एका जागेसाठी रामनाथ आणि राघो उभे. दोघांचीही माणसं तिला बोलवायला येऊन गेली.

"जायलाच पायजे का?" तिनं दोन्ही वेळा विचारलं.

"मंग! हक्क हाय तुझा."

हक्क आहे तर जायलाच पाहिजे असं कसं, हे तिला उमगेना. पुढे विचारेपर्यंत माणसं शेजारच्या दारात पोचलेली.

मोजणीत दोघांना सारखीच मतं पडली. साहेबानं चिठ्ठी काढायला लावली, ती राघोची निघाली. मग गावाला आठवलं, रंगूबाई आलीच नव्हती.

सकाळी रामनाथ आला. दिराचा मुलगा, पण पाण्याच्या तांब्याला हात लावीना.

"काकी, तू आली असतीस तं मी आज निवडून आलो असतो."

"माझं मत तुलाच पडलं असतं, कशावरनं?"

ही शंका रामनाथला शिवलीच नव्हती. काहीतरी पुटपुटत तो तडक निघून गेला.

दुपारी राघो पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. "वयनी, तू घरी बसलीस म्हनून मी तरलो बघ."

रामनाथच्या रागानं बोचलं नव्हतं तेवढं तिला या पेढ्यांनी बोचलं. "मी तुला काय दिलं न्हाय, राघो. घेऊन जा ते." राघोनं हसून पुडा ओटीवरच ठेवला. आपण कुणाच्याच पारड्यात काही टाकलं नाही, असं ती धरून चालली होती. मग हा आभार कसले मानत होता?

शेजारचा चिंधू भिवंडीहून रात्रपाळी करून परस्पर मतदानाच्या रांगेत उभा राहिला होता. गाव त्याचं कौतुक करत होतं. तिनं त्याला गाठलं.

"तू कशाला गेलास रं?"

चिंधूनं इकडंतिकडं पाहिलं. "मावशे, मी दोघांनाबी शब्द दिला व्हता. म्हनून दोघांवर शिक्का मारला."

"मंग मत?"

"बाद झालं."

रंगूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली. बोटाला शाई होती म्हणून चिंधूला कुणी चकार शब्द बोललं नव्हतं. "मंग आपल्या दोघांत चुकलं कोन?"

"मला नको इचारू, मला झोप येतेय," म्हणून चिंधू घरात गेला.

रामनाथची आई, तिची जाऊ हौसा, विहिरीवर चार महिने तिच्याशी बोलली नाही. रंगूबाईनं मनाला लावून घेतलं, पण प्रश्न विचारणं सोडलं नाही. ग्रामसभेला बायका जात नसत, ती गेली. "बायांना हिरीवर आंघोळीला आडोसा कधी बांधनार?" तिनं राघोला सगळ्यांसमोर विचारलं. राघो गांगरला. दाराशी बघायला आलेली हौसाच मागून म्हणाली, "बोल की आता!" आडोसा पावसाळ्याआधी झाला.

पुढच्या निवडणुकीला रंगूबाई शाळेत गेली. जायलाच पाहिजे का, हे अजूनही तिला कुणी सांगितलं नव्हतं. पडद्याआड ती इतका वेळ उभी राहिली की आतल्या साहेबानं हाक मारली, "आजी, झालं का?"

"थांबा जरा. वाचतेय."

रांगेत हशा पिकला, कारण तिला वाचता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं हवा तेवढा वेळ घेतला. शिक्का कुणावर मारला, हे हौसानं पुष्कळदा विचारलं. तिनं सांगितलं नाही.