फाटकावरच्या फळ्यावरचा शब्द

रोहित, अनघा,

अण्णा जाऊन आता महिना होईल. त्याच्या फोटोखाली 'लॉयल' असं कोरून पाठवतो, असं तुम्ही फोनवर म्हणालात. जन्मभर एकाच गिरणीत राबलेल्या माणसाला हा शब्द शोभेल असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण तो कोरू नका. का, ते मला फोनवर सांगवेना, म्हणून लिहिते आहे.

माझा हा थोरला भाऊ बंगळूरच्या एका कापडगिरणीत बॉयलर सांभाळायचा. आम्ही राहायचो त्या राजाजीनगरात तेव्हा घरांपेक्षा मोकळी जागा जास्त. शेजारी नंजप्पा राहायचा, त्याच गिरणीत मागावर होता. सकाळी अण्णाने सायकल काढली की तो ओरडायचा, "लो माधवा!" कन्नडातला 'लो' म्हणजे आपलं 'अरे'. दोघं युनियनमध्येही बरोबरच. साठ सालानंतर कधीतरी संप झाला. भर दुपारी माग थांबले, माणसं बाहेर पडू लागली. अण्णाही निघणार होता, पण बॉयलर पेटलेला होता आणि पेटता बॉयलर सोडून जायचं नाही, असा कायदाच होता. आग काढायची, पाण्याच्या काचेवर नजर ठेवायची, वाफ हळूहळू उतरू द्यायची... "तू हो पुढे, थंड झाला की आलोच," तो नंजप्पाला म्हणाला. "लवकर ये रे, तुझ्या बॉयलरसाठी संप थांबायचा नाही," नंजप्पा हसला.

अण्णा बाहेर आला तेव्हा दिवे लागले होते. तोवर मॅनेजरने फाटकावर फळा टांगला होता. वर इंग्रजीत 'लॉयल वर्कर्स', आणि खाली आत राहिलेल्यांची नावं. त्यात अण्णाचंही. "उद्याच्या उद्या पुसून घे," नंजप्पा म्हणाला. म्हणून दुसऱ्या दिवशी अण्णा मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने खुर्ची दिली, चहा मागवला, नाव मात्र पुसलं नाही. आणि फाटकाबाहेर बसलेल्या सगळ्यांनी एवढंच पाहिलं, की संप चालू असताना माधवराव आत गेले आणि चहा पिऊन आले.

संप फसला. नंजप्पाची नोकरी गेली, अण्णाची राहिली. गल्लीतली पोरं त्याच्या सायकलीमागे "लॉयल, लॉयल" ओरडत पळायची. एका संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला. "बेबी, तू बी.ए. झालीस. या शब्दाचा नेमका अर्थ काय गं?" मी डिक्शनरी काढली. शब्द फ्रेंचमधून आलेला, त्याच्यामागे लॅटिनमधला कायद्याचा शब्द. 'लीगल' हा त्याचा सख्खा भाऊ. लॉयल म्हणजे मुळात कायद्याला धरून वागणारा. अण्णाचा चेहरा उजळला. "मग मी कायद्यासाठीच थांबलो होतो ना? एवढंच नंजप्पाला सांगायचं!"

तो तसाच उठला. मीही मागोमाग गेले. नंजप्पाने दार उघडलं. "बन्नी, रायरे," तो म्हणाला. या, रावसाहेब... त्या आदरानेच अण्णा अर्धा खचला. तरी पाठ केलेला धडा म्हणावा तसं त्याने शब्दाचं मूळ सांगितलं, बॉयलरचा नियम सांगितला. नंजप्पाने सगळं ऐकून घेतलं.

"सरी, रायरे. बरोबर आहे, तुम्ही कायद्याने थांबलात. मला काढलं, तेही कायद्यानेच."

दार लागलं.

मी पुढे आपला मराठी शब्दही तपासला. निष्ठा म्हणजे ठाम उभं राहणं. अण्णा उभाच होता की! पण माणूस कोणाच्या बाजूने उभा आहे, हे दुसरेच ठरवतात, आणि ठरलं की ते पुसता येत नाही. वर्षभरात नंजप्पा बायकोमुलांसह गावी गेला. तो वारल्याचं अण्णाला बाजारात कोणीतरी सांगितलं, तेही दिवस उलटून गेल्यावर. कोणताही शब्द दोघांना एकत्र आणू शकला नाही. मला शब्दांवर फार विश्वास होता, तो तेव्हाच गेला.

दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक खिडकीएवढी मोकळी जागा होती. तिच्यातून आमचं पिठलं तिकडे जायचं आणि त्यांचं सारू, म्हणजे पातळ आमटी, इकडे यायचं. दार लागलं त्याच आठवड्यात नंजप्पाने ती विटांनी बुजवली. अण्णा म्हातारपणी खुर्ची नेहमी तिकडे तोंड करून टाकायचा. भिंतीला कितीदा रंग दिला, तरी तो चौकोन दिसतोच. तेवढा अजून आहे.