नसलेला पदर

जेवण झाल्यावर मी रेवाचे हात धुतले, तर तिने ते पुसले आपल्या कमरेपाशी, हवेत. पावणेदोन वर्षांची माझी मुलगी, अंगात तोकडा फ्रॉक, आणि नसलेल्या पदराला अगदी व्यवस्थित हात पुसत होती. आमच्या घरात पदर एकच, शांतामावशींचा. मी ऑफिसला गेले की त्याच तिला सांभाळतात.

खरं तर हसू यायला हवं होतं. पण माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? नाक माझं, कपाळ तिच्या बाबाचं, असं आम्ही बारशालाच वाटून घेतलं होतं. हात कसा हलवायचा, मान कशी वेळावायची, हे मात्र ती मी नसताना दुसऱ्याच कुणाकडून घेत होती. बरं, मावशींवर रागवायचीही सोय नाही. जीव लावतात तिला.

"हे तुम्ही शिकवलंत का हो?" दुसऱ्या दिवशी मी विचारलंच.

"म्या कशाला शिकवू ताई? बघती ती."

बघते. तेच तर!

रविवारी मी कपाटातली सुती साडी काढून नेसले. नवऱ्याने विचारलं, "कुठे निघालीस?"

"कुठेच नाही."

रेवाचे हात धुतले आणि पदर पुढे केला. तिने तो मुठीत धरला, नाकाशी नेला, हुंगला. मग हळूच सोडून दिला आणि मला समजावल्यासारखं म्हणाली,

"ह्यो न्हाय."