आप्पा, अण्णा आणि रोजची एक गोळी

कॅन्सरच्या डॉक्टरकडे कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. मी लग्नाला गेले तर शेजारच्या पंगतीतली माणसंसुद्धा आवाज बारीक करतात! पण बेळगावात आम्ही जठराच्या कॅन्सरवरच्या नव्या औषधाची ट्रायल चालवायला घेतली आणि किस्से असे साठत गेले, की फायलींना कपाट पुरलं, किस्स्यांना पुरेना.

ट्रायल म्हणजे काय, तेवढं आधी सांगते. सलाईनमधून द्यायची नेहमीची केमो सगळ्यांनाच. वर रोज एक गोळी. कुणाची गोळी नव्या औषधाची, कुणाची नुसती पिठाची. दिसायला दोन्ही सारख्या. कुणाला कुठली, ते कंपनीचा कॉम्प्युटर ठरवतो आणि मलाही सांगत नाही. नव्या औषधाचा उपयोग होतो की नाही, हेच तर अजून ठरायचंय! पण पेशंटला ते कसं पटावं? त्याचा सगळा जीव त्या एका गोळीत अडकलेला असतो.

या पेशंटांत दोघे माझे लाडके. निपाणीकडचे आप्पा, जैन शेतकरी, बोलायला पक्के. आणि बेळगावातल्याच शहापूरचे अण्णा, जन्मभर मागावर साड्या विणलेले, बोलायला महाकंजूष. दोघांना जठराचा कॅन्सर, दोघांचा वार मंगळवार, त्यामुळे ओपीडीबाहेरचं बाकडंही एकच.

* * *

ट्रायलमध्ये येण्याआधी पेशंटनं संमतीपत्र वाचून सही करायची असते. आमचं संमतीपत्र चोवीस पानी! कंपनीनं कुणाकडून तरी मराठी करून घेतलेलं. आप्पांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि म्हणाले, "म्याडम, कन्नडातलं हाय का? ते द्या बगू."

कन्नडातलं दिलं. तीन पानं झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "न्हाय, मराठीच बरं हुतं म्हणायचं."

सीमाभागात दोन्ही भाषांना अगदी समान वागणूक देणारी एवढी एकच कंपनी मी पाहिली!

शेवटी आमच्या सुनंदानं, म्हणजे ट्रायलची सगळी कागदपत्रं सांभाळणाऱ्या खानापूरच्या मुलीनं, ती चोवीस पानं आपल्या बोलीत पंधरा मिनिटांत समजावली. आप्पा म्हणाले, "मग एवढंच लिवायचं न्हवं!"

* * *

संमती घेताना व्हिडिओ काढावा लागतो. अण्णांच्या वेळी घरची सात माणसं नवे कपडे घालून आली आणि कॅमेऱ्यासमोर ओळीनं बसली. मी नियमाप्रमाणे विचारलं, "अण्णा, मनात येईल तेव्हा तुम्ही ट्रायल सोडू शकता. कारणसुद्धा सांगायची गरज नाही. समजलं?"

अण्णांनी मान डोलावली. त्यांची बायको मात्र भडकली. "असलं अभद्र बोलू नका हो! आमच्या घरात दिलेला शब्द कुणी मोडला न्हाय अजून."

तेवढं कापून टाकता येतं का, असं मी सुनंदाला विचारलं. येत नाही म्हणे.

* * *

फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'तंबाखूशी संबंध आहे का? हो किंवा नाही.'

आप्पा म्हणाले, "तीन पिढ्यांचा हाय."

"म्हणजे खाता?"

"छे छे! आमच्यात चालत न्हाय तसलं. आमी निस्तं पिकवतो. खातंय ते जग!"

सुनंदा पेन धरून बसून राहिली. आप्पांनीच तिला मदत केली. "नाही लिव गं. पाप लागलं तर मला लागंल."

* * *

नियम असा, की गोळी संध्याकाळी आठ वाजता जेवणाबरोबर घ्यायची. आप्पा म्हणाले, "दिवस मावळल्यावर आमी काय खात न्हाय." मी कंपनीला ईमेल केली. आठ दिवसांनी उत्तर आलं, 'पेशंटला जेवणाची वेळ बदलण्याची विनंती करावी.' मी लिहिलं, ही वेळ त्यांच्या धर्मानं ठरवलीय. मग बऱ्याच वरिष्ठांची मीटिंग झाली म्हणे, आणि परवानगी आली. एकाच अटीवर. रोजच्या सूर्यास्ताची वेळ आम्ही नोंदवायची आणि खाली डॉक्टरची सही!

तेव्हापासून निपाणीत रोज सूर्य मावळतो, तो माझ्या सहीनं.

* * *

अण्णांना काहीही विचारा, उत्तर एकच. "बरं हाय." उलट्या? "बरं हाय." जेवण? "बरं हाय." इकडे वजनाचा काटा प्रत्येक मंगळवारी खाली. त्रास खरा सांगितला तरच डोस कमी-जास्त करता येतो हो! मला फार काळजी वाटायला लागली. शेवटी मी सुनंदाला त्यांच्या बायकोकडे पाठवलं.

बायको म्हणाली, "काल चार डाव ओकले. पण आक्का, डाक्टरबाईस्नी सांगू नको. बिचारी एवढं करत्यात, मनाला लावून घेतील."

* * *

परवाच्या मंगळवारी कंपनीचा तपासनीस बेंगळुरूहून आला. परत आलेल्या बाटल्या त्यानं मोजल्या आणि खूश झाला. एकाही गोळीचा खाडा नाही! "म्याडम, युवर पेशंट्स आर एक्सलंट!" मीही जरा फुगले आणि त्याला पेशंटांशी भेट घालून द्यायला बाहेर घेऊन गेले.

बाकड्यावर आप्पा आणि अण्णा समोरासमोर बसलेले. मधे स्टीलचा डबा. दोघांच्या नव्या बाटल्या त्यात ओतलेल्या, आणि आप्पा त्या मिसळून दोन वाटण्या करत होते. एक तुला, एक मला.

मी पुढे धावले. "आप्पा! हे काय चाललंय?"

"पैल्या महिन्यापासनं असंच करतोय की," आप्पा म्हणाले. "एकाला खरी, एकाला पिठाची, असं झालं असलं तर? म्हटलं, मिसळून घेऊ. निम्मी तर निम्मी, खरी दोघांच्या बी पोटात पडंल."

मी ओरडलेच. "अहो, निम्म्या औषधानं कुणालाच गुण यायचा नाही! खरी गोळी एकाच्याच बाटलीत असेल, तर पुरी घेऊन तो एक तरी कदाचित वाचला असता!"

आप्पांनी हात आवरता घेतला. अण्णांनी दोन्ही वाटण्या परत डब्यात सारल्या, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले,

"मग तुमीच सांगा म्याडम. आमच्यातल्या कुणी पुरी घ्यायची?"