भरतातलं मीठ

बाबांनी तोंड उघडायचं बंद केलं होतं. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर काही दिवस ते आईच्या हातून मऊ भात खात होते. मग एका सकाळी त्यांनी ओठ मिटले ते मिटलेच. चमचा जवळ नेला की मान भिंतीकडे वळायची. दूध-पाण्याचे चार घोट कसेबसे जात. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, गिळायला काही अडचण नाही, यांना खायचंच नाहीये. शनिवार-रविवार बघा, नाहीतर सोमवारी नाकातून नळी घालू. बाबा हे ऐकत होते. ताटात चटणी कुठे आणि कोशिंबीर कुठे यावर ज्या माणसाने जन्मभर मत दिलं, त्याला नाकातून जेवायला घालायचं, ही कल्पना मला सोसत नव्हती.

मी काही भाविक माणूस नाही. कॉलेजात इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि इतिहास वाचणाऱ्याला देवापेक्षा देवस्थानांचे कारभारीच जास्त भेटतात. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते फक्त घडलं तसं लिहितो आहे. त्याचा अर्थ मी लावलेला नाही.

आमचं कुलदैवत खंडोबा. घराणं मूळचं मराठवाड्याकडचं, निजामाच्या काळात हैदराबादेत आलं आणि इथेच राहिलं. भाषा हळूहळू पातळ झाली, पण चंपाषष्ठी राहिली. आषाढापासून मार्गशीर्षातल्या त्या षष्ठीपर्यंत आमच्या घरात कांदा, लसूण आणि वांगं येत नसे. षष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरताचा आणि बाजरीच्या रोडग्यांचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच ते तोंडात घालायचं. लहानपणी आम्ही सुलतान बाजारच्या मागे दोन खोल्यांत राहायचो. वर्षातून त्या एका दिवशी बाबा स्वयंपाकात हात घालत. बाजरी बेगम बाजारातून, वांगी स्वतः निवडून आणलेली, जड नकोत, बियांची नकोत. अंगणात शेगडी पेटवून ते उकिडवे बसत आणि वांगी भाजत. जवळजवळ पाच महिन्यांनी येणारा तो वास अजून माझ्या नाकात आहे. मी आणि ताई शेगडीच्या दोन बाजूंना बसून नुसता वास खात असू. साल काढताना बाबांची बोटं भाजत आणि ते फू फू करत, पण पाण्यात हात बुडवत नसत, कारण म्हणे चव जाते. मग हिरवी मिरची, कांद्याची पात, दाण्याचं कूट, वरून हिंगाची फोडणी, आणि मीठ.

मिठाचीच अडचण असे. नैवेद्याच्या पदार्थाची चव बघायची नाही. बाबा चिमटीत मीठ घेऊन क्षणभर थांबत, मग एकदम घालून टाकत आणि त्या भांड्याकडे पुन्हा बघत नसत. नैवेद्य झाला, पानं वाढली, पहिला घास आमच्या तोंडात गेला की ते विचारत, "मीठ?" एवढा एकच शब्द. आम्ही म्हणायचं, "बरोबर." एका वर्षी ताई म्हणाली, "कमी." दुसऱ्या दिवशी ती शाळेत निघाली तेव्हा बाबा तिला म्हणाले, "खंडोबाने तर संपवलं." ताईने पुढे कधी कमी म्हटलं नाही. खरं सांगायचं तर ते बहुतेक वर्षी कमीच असे.

आता त्या वर्षाकडे येतो. हैदराबादेत तेव्हा पैसा नव्याने दिसायला लागला होता. सिकंदराबादेतला माझा चुलतभाऊ प्रभाकर शेअर आणि कसल्या कसल्या एजन्सींवर बराच वर आला होता. तो बाबांना बघायला आला, पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "काका, यंदाची चंपाषष्ठी मी करतोय. फंक्शन हॉल घेतलाय. आपली सगळी माणसं, व्हिडिओ शूटिंग, बफे."

"बफेत काय?" आईने विचारलं.

"भरीत-रोडगे आहेतच काकू. शिवाय मुलांसाठी गोबी मंचुरियन."

आई म्हणाली, "खंडोबाला विचारलंस का, त्याला चालतं का ते?"

प्रभाकर हसला. वाईट माणूस नव्हता तो. बाबांना गाडीतून न्यायची त्याची तयारी होती, पण डॉक्टरांनी हलवू नका सांगितलं होतं. आई म्हणाली, मग इथे आपलं आपण करू. मला वाटलं, नळीच्या आधीची ही शेवटची षष्ठी आहे हे तिने ओळखलंय. तिचा हिशेब वेगळा होता. ती म्हणाली, "तळी उचलल्याशिवाय ह्यांनी कधी भरीत खाल्लं नाही. तळी उचलली की खातील." मी म्हटलं, आई, ते भात पण खात नाहीयेत. ती म्हणाली, "भाताचं मी कुठे बोलले?"

तळी म्हणजे ताम्हणात विड्याची पानं, खोबरं, सुपारी आणि भंडारा, म्हणजे हळद, ठेवून ते पाच पुरुषांनी मिळून 'येळकोट' म्हणत तीनदा उचलायचं. उचलणारे विषम संख्येत लागतात, आणि आमच्याकडे पाच म्हणजे पाच. आणि शनिवारी, षष्ठीच्या सकाळी, आमच्या ओळखीतला प्रत्येक मराठी माणूस प्रभाकरच्या हॉलवर गेलेला होता. आम्ही आता काचीगुड्यात राहायचो, तिथल्या पाच घरांच्या दारांपर्यंत जाऊन मी परत आलो. चार घरांना कुलूप होतं, पाचव्या घरात आजोबा होते, तेही धोतर नेसून गाडीची वाट बघत होते.

आईने बोटांवर मोजलं. "हे, तू, वरचा नितीन. तीन झाले."

नितीन आमचा भाडेकरू, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी पुण्याहून नुकताच आलेला. तो नम्रपणे म्हणाला, "मावशी, आमच्याकडे हे नसतं, पण धरायला सांगाल तिथे धरीन."

मी म्हटलं, "आई, तीनही विषमच आहेत."

"तळी काय गणिताच्या पुस्तकातली आहे?" ती म्हणाली आणि रोडगे थापायला बसली. "दोन येतील. तू भरीत बघ."

बाबांचं काम माझ्याकडे आलं होतं आणि मी ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. माळ्यावरून शेगडी काढली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने फुललेले निखारे दिले. बाबांच्या खोलीच्या खिडकीखाली बसून मी वांगी भाजली, बोटं भाजून घेतली, पाण्यात बुडवली नाहीत. शेवटी चिमटीत मीठ घेतलं आणि थांबलो. इतक्या वर्षांच्या वाचनाचा तिथे काडीचा उपयोग नव्हता. किती वांगी, किती मीठ, कुणास ठाऊक. घालून टाकलं. मान वर केली तर खिडकीतून दिसलं, बाबांचं तोंड भिंतीकडे नव्हतं, खिडकीकडे होतं.

एक वाजला. नैवेद्य गार होत होता. आई देव्हाऱ्यापुढे नुसती बसून होती. मी म्हटलं, आता तीन जणांत उरकू या, नाहीतर राहू दे. ती एवढंच म्हणाली, "माझं करून झालंय. आता त्याचं आहे." मला राग आला. ज्या घरात सोमवारी नळी येणार, तिथे असं हात झटकून कसं बसता येतं, ते मला कळेना.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर दोघे जण, खांद्यावर तारेचं वेटोळं. "साब, फोन आया आपका. कनेक्शन देने का है."

फोनसाठी अर्ज करून आम्हाला आठ वर्षं झाली होती. तेव्हा सगळ्यांचं तसंच असे. नंबर लागेपर्यंत मुलं मोठी होत. मी म्हटलं, "आज?"

"आज नक्को बोले तो फिर देखो साब, कब आते की."

आतून आईने विचारलं, "कोण आहे?"

"फोनवाले."

"किती जण?"

"दोन."

मग ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, हातपाय धुवा."

मला फार अवघडल्यासारखं झालं. दोन परक्या माणसांना, तेही कामावर असताना, हे कसं सांगायचं? मी हिंदीत कुळाचार, विषम संख्या, वडिलांचं आजारपण असं लांबण लावलं. दोघांतला वयस्क माणूस माझं ऐकतच नव्हता. तो माझ्या खांद्यावरून आत ताम्हणाकडे बघत होता.

"ये बंडारी है ना साब?" तो म्हणाला. "हमारे मल्लन्ना को बी येईच चढाते. हर साल उनके मंदिर को कोमुरवेल्ली जाते हम." त्याने चपला आधीच काढल्या होत्या. नाव विचारलं तर मल्लेशम. तेलंगणात या नावाने हाक मारली तर चार जण वळून बघतात, तेव्हा त्यातून काही अर्थ काढू नये. पण मी पुस्तकांत वाचलं होतं की मल्लन्ना आणि खंडोबा एकच, आणि ते वाचूनही ज्या शहरात जन्मलो तिथे हा देव शेजारीच राहतो हे कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"हमारा जैकारा अलग बोलते अम्मा. चलता?"

"चलता," आई म्हणाली.

ताम्हण बाबांच्या पलंगावर आणलं. मल्लेशम, त्याचा जोडीदार, नितीन आणि मी. बाबांचा डावा हात मी उचलून ताम्हणाखाली ठेवला. पहिल्यांदा उचलली तेव्हा माझाच आवाज मोठा होता. दुसऱ्यांदा मल्लेशमने त्याच्या तेलुगूत काहीतरी खणखणीत म्हटलं. तिसऱ्यांदा "येळकोट येळकोट" म्हणताना मला पाचवा आवाज ऐकू आला, घोगरा, तुटका. "जय मल्हार" बाबांनी पूर्ण म्हटलं.

आईने बाबांच्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाली, "पानं घ्या, उशीर झालाय."

डॉक्टरांना नंतर सांगितलं तेव्हा त्यांनी नीट समजावलं. पाठ केलेलं, घोकलेलं मेंदूत निराळ्या जागी असतं, वाचा गेली तरी ते कधीकधी शाबूत राहतं. मला ते पटलं, आजही पटतं.

मी रोडगा कुस्करून भरतात कालवला आणि लहानसा घास बाबांच्या ओठांशी नेला. मान वळली नाही. तोंड उघडलं. ते बराच वेळ चघळत राहिले, गिळलं. आणि मला कसं सुचलं माहीत नाही, मी विचारलं, "मीठ?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ दोनदा हलले.

"कमी," ते म्हणाले.

हा शब्द घोकलेला नव्हता. आमच्या घरात तो म्हणायचीच पद्धत नव्हती.

मल्लेशम आणि त्याचा जोडीदार पोटभर जेवले. जोडीदाराने भरीत तीनदा घेतलं, आणि मिठाचं विचारल्यावर सभ्यपणे "बराबर है" म्हणाला. संध्याकाळपर्यंत फोन सुरू झाला. पहिला फोन आईने प्रभाकरला लावायला लावला. सिकंदराबादला तारेशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "हो, जेवले. नाही रे, पाचच जण होतो. मीठ कमी आहे म्हणाले."

सोमवारी नळी आली नाही. बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले. शब्द थोडेच परत आले, पण जेवणावर मत द्यायला ते पुरले. फोनवाले त्याच दिवशी, त्याच वेळी, दोघेच का आले, याचं कारण कुठल्या तरी कचेरीतल्या यादीत असणार. ते शोधायला मी गेलो नाही. संशय घेण्याची माझी सवय अजून आहे, पण त्या दुपारी आईवर आलेल्या रागाची मात्र लाज वाटते. ती हात झटकून बसली नव्हती. स्वयंपाक केला होता, पानं मांडली होती, मोजून दोन कमी आहेत हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. आपलं संपतं कुठे, तेवढं तिला कळत होतं.

आता षष्ठीचं भरीत मीच करतो. वांगी निवडतो, निखारे आणतो, बोटं भाजून घेतो. मीठ चिमटीत घेऊन अजूनही थांबतो. मग अंदाजाने घालतो, चव बघत नाही, आणि ताट त्याच्यापुढे ठेवून हात जोडतो.