तहानलेले बटाटे आणि रोझेटचा हात

ओडिलोन फरहेल्स्टला फ्राइज तळता येत नसत, आणि ही गोष्ट गावात फक्त त्यालाच ठाऊक नव्हती. चर्चसमोरच्या त्याच्या टपरीत तळायची ती त्याची बायको, रोझेट. ओडिलोन खिडकीत उभा राहायचा, कागदी पुडा भरायचा, वर मेयोनेजचा गोळा ठेवायचा आणि कौतुक गोळा करायचा. कुणी परगावचा 'फ्रेंच फ्राइज' म्हणाला की याचं डोकं फिरे. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये येऊन फ्रेंच म्हणतो म्हणजे काय! अशा गिऱ्हाइकाला मेयोनेज बेतानंच मिळे. "काय सोनेरी झालेत हो!" असं कुणी म्हटलं की स्वारी मान तुकवून म्हणे, "घराण्याचा हात आहे." तो हात मागे कढईतल्या चरबीच्या वाफेत घामानं निथळत असे.

दुसरी घमेंड बटाट्याची. बटाटे यायचे रोझेटचा भाऊ वान्नेस याच्या शेतातून. त्या उन्हाळ्यात पावसानं पाठ फिरवली. वान्नेसनं तळ्यातलं पाणी पुरलं तेवढ्या शेताला दिलं, बाकीचं कोरडंच राहिलं. काढणी झाल्यावर तो म्हणाला, "दाजी, पाणी दिलेल्यातले न्या. कोरड्यातले मी जनावरांना घालतो."

"पाणी पाजलेले बटाटे? मला?" ओडिलोन असा दचकला, जणू कुणी त्याला सॅलड खायला सांगितलं. "माझं गिऱ्हाईक चव खातं रे, पाणी नाही. कोरड्यातलेच टाक. ऊन खाल्लेला बटाटा म्हणजे अर्क असतो, अर्क!"

"अहो, पण यंदा..."

"तू मला बटाटा शिकवतोस?"

झालं. अर्क टपरीत येऊन पडला. रोझेटनं नेहमीसारखं केलं: आधी मंद तापलेल्या चरबीत तळून बाजूला निवत ठेवले, मग कडक तापलेल्या चरबीत सोडले. वर आले ते विटेच्या रंगाचे, चवीला कडवट.

पोस्टातून निवृत्त झालेली मारीलू नेहमी रांगेत पहिली. तिनं एक तुकडा उचलून उजेडात धरला. "ओडिलोन, हे फ्राइज आहेत की चर्चची कौलं?"

रांग खदखदून हसली. ओडिलोन लालेलाल झाला. खापर फोडायला जवळ एकच डोकं होतं.

"मी काय करू? हिचा हात बिघडलाय," तो मोठ्यानं म्हणाला. "म्हातारी झाली, लक्ष नसतं."

रोझेटनं झारा खाली ठेवला. अ‍ॅप्रन सोडून त्याच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "मग तूच तळ."

त्यानं तळले. आणखी काळे झाले. त्यानं चरबी बदलली, कढई घासली, चरबीवाल्याला शिव्या घातल्या. पण बाबाची जीभ काही मागे फिरली नाही. येईल त्याला सांगे, "हिनं बिघडवून ठेवलंय, आता सुधारायला वेळ लागणारच." तिकडे रोझेट पाव आणायला गेली तरी बेकरीवाली हळूच विचारी, "हात कसाय गं आता? मलम देऊ का?" बाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. उभा जन्म जिथं घालवला, तिथंच नाव गेलं होतं.

वान्नेसला ते बघवेना. त्यानं ते बटाटे पीकसल्लागार लिझेलोटकडे तपासायला दिले, आणि निकाल आला तसा तिला आणि बहिणीला घेऊन तडक टपरीवर आला. जत्रेचा रविवार होता, रांग चौकातल्या कारंज्यापर्यंत गेली होती.

"तहानलेल्या झाडाची वाढ खुंटते," लिझेलोट म्हणाली. "वाढ थांबली की प्रथिनं बांधायचं काम मंदावतं. मग त्यांचा कच्चा माल, म्हणजे अमिनो आम्लं, बटाट्यात नुसती साचत राहतात. तुमच्या बटाट्यात अ‍ॅस्पॅराजीन नावाचं आम्ल भरमसाठ आहे, साखरही वाढलीय. कडक चरबीत दोघांची गाठ पडली की रंग असाच येतो, आणि अंगाला अपायकारक द्रव्यंही तयार होतात. कुणीही तळले तरी हेच. हे विकू नका."

"बघा!" ओडिलोननं खिडकीवर थाप मारली. "दोष बटाट्याचा! मी काय म्हणत होतो?"

"हे तू कधी म्हणालास?" मारीलूनं विचारलं.

"मनात म्हणत होतो." मग तो बायकोकडे वळला. "ये गं. पाणी दिलेले बटाटे मागवतो. घाल अ‍ॅप्रन."

रोझेट जागची हलली नाही. "माझ्या हाताचं काय?"

"त्याचं काय? सुटला की! बाईंनी सांगितलं ना."

"बाईंनी सांगितलं. पण बोलला होतास तू, याच खिडकीतून, सगळ्यांदेखत. आता तूच सांग."

ओडिलोननं रांगेकडे पाहिलं. दुसऱ्याच्या कष्टाचं कौतुक जन्मभर पचवलेल्या या माणसाला एवढंसं वाक्य जड झालं. "आता बटाट्यानंच दगा दिला, त्याला मी..."

"बटाट्यानं मला म्हातारी म्हटलं नव्हतं, ओडिलोन."

या वेळी कुणी हसलं नाही. ओडिलोननं अ‍ॅप्रनला हात पुसले, तिच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात ओरडला, "पुढचा कोण?"

पुढे मारीलू होती. तिनं पाकीट पिशवीत टाकलं, रोझेटचा हात धरला आणि म्हणाली, "चल, माझ्याकडे कॉफी घेऊ."

"पुढचा?" ओडिलोन पुन्हा ओरडला.

पुढे कुणीच सरकलं नाही.